आसरांच्या विहिरीचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. देवाला म्हणे सगळं ठाऊकच असतं, मग पुन्हा कशाला सांगायचं, अशी सोयीची समजूत मी करून घेतली. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढे हा विषय काढायचा म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. एरवी मी काही मुखदुर्बळ बाई नाही. कॉलेजात माझ्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा झोपत नाहीत, एवढी माझी ख्याती आहे.

मी पर्यावरणशास्त्र शिकवते. दरवर्षी नव्या मुलांना पाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवते. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळून घ्यायची. मग ती तिरकी बुडवायची, आत बुडबुडा राहता कामा नये. आणि पाणी जिथलं असेल तिथलंच नाव बाटलीवर लिहायचं. हे शेवटचं वाक्य म्हणताना मी फळ्याकडे वळते. मुलांना वाटतं, बाई आता काहीतरी लिहिणार. मी काहीच लिहीत नाही, नुसती उभी राहते.

कुठून सुरुवात करू? विहिरीपासूनच करायला हवी. पण त्या विहिरीपाशी मी मनानंही चटकन जात नाही — तेव्हाही जात नव्हते, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे.

मी देवगाव रंगारीची. घरी शेती. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिलीच. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि पर्यावरणशास्त्र हा विषय इतका नवा, की गावाकडे लोक वडिलांना विचारायचे, "म्हंजी पोरीला झाडं लावायला शिकवतात का?" वडील म्हणायचे, "सायन्सला हाय," आणि विषय बदलायचे. विभागाच्या पायऱ्यांवर बसलं की समोर लेण्यांचा डोंगर दिसायचा. उन्हाळ्यात तो दुपारी पांढुरका, संध्याकाळी विटकरी. आम्ही मोजकीच मुलंमुली होतो आणि आपण जगाला वाचवणार आहोत याबद्दल आमच्यापैकी कुणालाही शंका नव्हती.

आमचे सर भला माणूस. स्कूटरवरून सगळा तालुका पालथा घालायचे. शहराभोवतीच्या जुन्या, वापरातून गेलेल्या विहिरी तपासायच्या, ज्यांचं पाणी चांगलं निघेल त्या गाळ काढून पुन्हा चालू करायच्या, असा त्यांचा ध्यास होता. प्रत्येकाला काही विहिरी वाटून दिल्या. महिन्याला एकदा जायचं, नमुना आणायचा. माझ्या वाट्याला दौलताबादच्या रस्त्यावरच्या आल्या. सिटी बसनं पडेगावपर्यंत, तिथून पुढे शेतांमधून पायी. शेवटी एक छोटी वस्ती, आणि वस्तीच्या मागं ती.

ती कुणी बांधली, कुणालाच सांगता यायचं नाही. दगडी, खोल, उंबराच्या झाडानं तोंड निम्मं झाकलेलं. बाजूला एक कमान होती. कमानीतून पायऱ्यांचा बोळ खाली पाण्यापर्यंत गेलेला — वर दगडी छत, दोन्ही बाजूंना भिंत, एका वेळी एकच माणूस जाईल एवढाच. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर त्या विहिरीचं पाणी कुणी भरलंच नाही म्हणायचे. का, ते प्रत्येकजण वेगळं सांगायचा. कुणी म्हणे एक बाई कळशी घेऊन उतरली ती वर आलीच नाही. कुणी म्हणे बाई नव्हे, बाईचं नुसतं बोलणं ऐकू यायचं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. खाली आसरा आहेत, पाण्यातल्या देवता. सातही बहिणी. त्यांना विचारल्याशिवाय खाली पाय टाकायचा नाही.

विचारायचं कसं, याचीही रीत होती. परडीत दिवा लावायचा आणि ती परडी दोरानं विहिरीत सोडायची. दिवा पाण्यापर्यंत जळत गेला, तर आसरांनी परवानगी दिली. मधेच विझला, तर त्या दिवशी घरी जायचं. सरांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही किती हसलो. मी सगळ्यात जास्त. कारण देवगावला माझ्या आत्यानं तिन्हीसांजेला आडावर जायची मला बंदी केली होती, आणि लहानपणी मी त्या भीतीनं अंथरुणात रडलेली होते. जे आपल्या अंगात मुरलेलं असतं त्यालाच माणूस मोठ्यानं हसतो, नाही का?

पहिल्यांदा गेले तो हिवाळा होता. ऊन छान पडलेलं, शेतात ज्वारी. वस्तीतल्या पहिल्याच घरात कडूबाई राहायची. माझ्याहून थोडी मोठी, पण मला पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणायची. नवरा साहेबराव, एक लहान मुलगा. तिनं मला कडुलिंबाच्या झाडापर्यंत आणून सोडलं आणि थांबली. "आमी हितल्या म्होरं येत नाय. तुमी जा, म्या हितंच हाय." वस्तीतलं कुणीच त्या लिंबाच्या पुढे येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मला तिचा फार उपयोग झाला.

मी चपला काढल्या आणि कमानीतून आत शिरले.

जुन्या विहिरीत पारवे असतात. बेडूक असतात. निदान एखादी पाल तरी चुकचुकते. तिथं काहीच नव्हतं. थोडं उतरल्यावर वरचे आवाज एकदम बंद झाले. कडूबाईच्या मुलाचं रडणं, कोंबड्या, वारा — कुणी दार लोटून घ्यावं तसे. हिवाळा असून पावलांना ऊब लागत होती, जणू मी कोमट पाण्यात उतरत होते, आणि पाणी तर अजून बरंच खाली होतं. मग मला झोप यायला लागली. भीती नव्हे — झोप. गोड, लहानपणच्यासारखी. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवत होतं आणि म्हणत होतं, बस ना जराशी, घाई कसली. मी खरंच बसायला लागले. गुडघे वाकलेही होते.

समोर पाण्याच्या वर भिंतीत एक लांब कोनाडा होता. त्यात शेंदूर फासलेले दगड ओळीनं मांडलेले. मी ते मोजले. का मोजले, ठाऊक नाही. शिकलेल्या माणसाला दिसेल ते मोजायची सवय लागते. सात असायला हवे होते. आठ भरले. आठवा कोनाड्यात नव्हता, जरा खाली, पाण्यापाशी होता, आणि त्याच्यावर शेंदूर नव्हता.

मी वर कशी आले ते मला आठवत नाही. हात खरचटले होते, म्हणजे चार पायांवर आले असणार. कमानीत येऊन पडले, डोकं ठणकत होतं, ओकारी येत होती. बाटली कोरडीच होती.

आता तुम्ही म्हणाल, अगं, तू पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, तुला समजलं नाही? खाली कुजका गाळ, वर हवेला वाव नाही, जड वायू तळाशी साचणार. हे मला चांगलं पाठ होतं. परीक्षेत लिहून आले होते. पण खरं सांगते, त्या दिवशी कमानीत पडलेली असताना मला एकही वायू आठवला नाही. मला आसराच आठवल्या. मी मनापासून, आत्याच्या शपथेनं, त्यांच्यावर विश्वास ठेवला — आणि त्याचीच मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की काही झालं तरी हे कुणाला कळू द्यायचं नाही एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं. विद्यापीठात शिकणारी मुलगी आसरांना भिऊन पळाली! सर काय म्हणतील? पोरं काय म्हणतील?

म्हणून बाहेर येऊन मी कडूबाईला म्हटलं, झालं काम. परतीच्या वाटेवर एका मळ्यातली मोटारीची विहीर होती, उघडी, उन्हातली, स्वच्छ. तिथं बाटली भरली आणि तिच्यावर नाव त्या विहिरीचं लिहिलं.

पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय ते तपासायची आमची एक रीत आहे. बाटलीत दोन रसायनं सोडली की गाळ धरतो. तपकिरी धरला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. सर म्हणायचे, तपकिरी म्हणजे पाणी जिवंत, पांढरं म्हणजे मेलेलं. माझी बाटली सुरेख तपकिरी झाली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. एवढी जुनी, बंद विहीर आणि पाणी असं जिवंत!

एकदा खोटं बोललं की ते पाळावं लागतं, गाईसारखं. चारा घालावा लागतो. दर महिन्याला मी जाताना मळ्यातल्या विहिरीवर बाटली भरून पिशवीत ठेवायची. कडूबाई मला लिंबापर्यंत सोडायची. मी कमानीत शिरायची आणि वरच्याच पायरीवर, बाहेरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसून राहायची. किती वेळ बसलं म्हणजे खाली जाऊन आल्यासारखं वाटेल, याचा मी अंदाज बांधलेला होता. उठण्याआधी पिशवीतल्या पाण्यानं सलवारीची कड भिजवायची. हो. तेवढंही करायची.

ते बसणं मात्र सोपं नव्हतं. पाठ बोळाकडे करून बसवायचं नाही, आणि तोंड करून तर मुळीच नाही. मग मी भिंतीकडे तोंड करून बसायची, कोपऱ्यात उभ्या केलेल्या शाळकरी मुलीसारखी. खालून मधूनमधून ऊब यायची. एकदा वाटलं, कुणीतरी ओल्या पायांनी एक-एक पायरी चढतंय, दमानं, माझ्यासारखंच थांबत-थांबत. मी वळून पाहिलं नाही. आवाज माझ्या मागच्या पायरीवर येऊन थांबला आणि मग परत गेला नाही. मी तशीच उठले आणि कडूबाईकडे पाहून हसत बाहेर आले.

ती माझी ओली कड पाहायची आणि कौतुकानं मान हलवायची. "बाई, तुमी लई धीराच्या. भ्याव वाटत नाय व्हय?" मी म्हणायची, "त्यात काय भ्यायचं? नुसतं पाणी तर आहे." मग ती मला गुळाचा चहा द्यायची. तिच्या चुलीपाशी बसून चहा पिताना मला तिचा खरोखर लळा लागला होता. हेही खरं आहे, आणि त्यानं काहीच बदलत नाही.

उन्हाळा आला. त्या वर्षी पाऊस आधीच कमी झाला होता, वस्तीवरचा आड आटला, टँकरची वाट पाहण्यात बायकांचे दिवस जायला लागले. सरांनी वस्तीवर बैठक घेतली. जुन्या विहिरीचा गाळ काढायचा, पाणी चांगलं आहे, आमच्याकडे तपासणी आहे. लोक ऐकून घेत होते, पण कुणी हलेना. एक म्हातारबा म्हणाले, "आधी परडी सोडा. आसरांना इचारा. मंग उतरा." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग यांना. तू तर दर महिन्याला उतरतेस."

मी उभी राहिले. तिथं मी बोलले नसते तर? "सर, मला जरा बाजूला बोलायचंय" एवढं म्हटलं असतं तर? पण सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती, कडूबाई सगळ्यांत पुढे बसून अभिमानानं बघत होती. मी म्हणाले, "मी दर महिन्याला खाली जाते. एकटी जाते. मला तर कुणी धरलं नाही. परडी-बिरडी काही लागत नाही." आणि हसले. आधी बायका हसल्या, मग साहेबराव हसला, मग म्हातारबा सोडून सगळेच. साहेबराव म्हणाला, "बाईमाणूस उतरतंय अन आपण दिवं सोडत बसायचं? म्या उतरतो पयला."

ठरल्या सकाळी सर मला घेऊन गेले. विभागाचा कॅमेराही आणला होता. वस्ती पहिल्यांदाच लिंब ओलांडून कमानीपाशी आली होती. नारळ फोडला. साहेबरावानं टॉवेल डोक्याला गुंडाळला, हातात फावडं आणि घमेलं घेतलं, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "चला बाई, तुमी म्होरं. वाट तुमच्या पायाखालची हाय." चेष्टा नव्हती ती. मान देत होता तो मला.

सगळे वाट पाहायला लागले. मी कमानीकडे पाहिलं. ती ऊब मला बाहेरसुद्धा जाणवली. पाय उचलेना.

आणि मी काय केलं? मी कडूबाईच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "मला आज चालत नाही."

तुम्हाला समजलं ना? पाळी आलीये, म्हणून विहिरीत, आसरांच्या जागी जाता येत नाही. पाळी आली नव्हती. आणि शिवाशिव, विटाळ, यावर तर मी कॉलेजात भाषणं दिलेली होती. पण त्या घडीला बायकांच्या हाताशी असलेली ती जुनी, हमखास सबब माझ्या तोंडून आपसूक निघाली, कारण तिला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. कडूबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटलं तिला. तिनं सगळ्यांना सांगितलं, "बाईस्नी आज जमत नाय." बायकांना कळलं, पुरुषांनी नजर दुसरीकडे वळवली. साहेबराव कमानीतून आत गेला.

तो बोलत-बोलत उतरत होता. खालून त्याचा आवाज येत होता, "लई गरम हाय रं," "पायऱ्या झ्याक हायेत." मग आवाज थांबला. ओरडला नाही, हाक मारली नाही. वाक्य अर्धं राहिलं, एवढंच. घमेलं पायऱ्यांवरून गडगडत गेलं आणि पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. वर आम्ही सगळे तसेच उभे, आणि मी — मला ती गोड झोप आठवली. त्याला आता किती बरं वाटत असेल, असा विचार माझ्या मनात आला. ह्या विचाराचं काय करायचं ते मला आजही समजत नाही.

त्याचा भाऊ आत धावला आणि रांगत, ओकत परत आला. दुपारी शहरातून बंब आला. नाकातोंडाला मुखवटा लावलेल्या माणसानं साहेबरावाला वर आणलं. पाण्यात नव्हताच तो. शेवटच्या पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसलेला होता म्हणे, विसाव्याला बसावं तसा. फावडं मांडीवर होतं, कोरडं ठणठणीत.

डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेला. सर म्हणाले, गाळातला वायू. मी मान हलवली.

दहाव्यानंतर मी कडूबाईकडे गेले. आता सांगायचं, असं ठरवून गेले होते. ती घराच्या कोपऱ्यात बसली होती, कपाळ मोकळं. मला पाहून तिनं माझा हात धरला आणि बोलायला लागली, फार हळू, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. "वायू व्हता म्हणत्यात, बाई. मंग तो तुमाला कसा नाय लागला? तुमी तर दर महिन्याला जात व्हत्या. गाळ ढवळला म्हणत्यात. फावडं तर कोरडं व्हतं." मग ती म्हणाली, "म्या बाहेरची व्हते त्या दिशी. पाळीचा दुसरा दिस. तुमी म्हणत व्हत्या ना, काय बी नसतं म्हणून, म्हणून म्या बी आले. टावेल म्याच दिला त्यायच्या हातात." सासू ऐकत नाही ना, ते तिनं वळून पाहिलं. "तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या, तरी तुमी पाळलं. म्या अडाणी, अन म्याच नाय पाळलं. आसरांनी मालकाला नेलं माझ्यापायी."

बघा, किती सरळ हिशेब होता तिचा. एकही चूक नव्हती त्यात. तिला जे-जे ठाऊक होतं ते सगळं मीच सांगितलेलं होतं, आणि त्यातून दुसरं काही निघूच शकत नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी कधी उतरलेच नाही, कडूबाई. मला काही आलंबिलं नव्हतं. एवढंच. तिनं माझा हात धरलेला होता. मी तो सोडवून घेतला नाही, तिच्या पाठीवरून दुसरा हात फिरवला आणि म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका." मग उठून आले.

पावसाळ्याआधी मी एकदा एकटी तिथं गेले. टळटळीत दुपार होती, शिवारात चिटपाखरू नव्हतं. उंबराच्या फांद्या बाजूला करून दिवा लावलेली परडी दोरानं विहिरीत सोडली. पाण्याच्या बरीच वर ज्योत लहान झाली, आडवी झाली आणि गेली. वर घेतली, पुन्हा लावली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच. मग दोरानं बाटली सोडून पाणी काढलं, त्या विहिरीचं खरं पाणी, पहिल्यांदाच. रसायनं घातली. गाळ पांढरा राहिला, भाताच्या पेजेसारखा. मी तिथंच बसून तो खाली बसेपर्यंत पाहत राहिले. उठताना सहज विहिरीत डोकावले. कोनाडा वरूनही दिसत होता. दगड मोजावेत असं फार वाटलं. मोजले नाहीत.

म्हणजे आता मला शास्त्रानंही ठाऊक होतं. परडी सोडली असती तर दिवा विझला असता, आणि साहेबराव घरी जाऊन जेवला असता. तरी मी बोलले नाही. सरांनी त्यानंतर जुन्या विहिरींचं काम सोडून दिलं. ते वारले तेव्हाही त्यांच्या मनात तो माणूस असणार, असं मला वाटतं. ती विहीर लोकांनी दगडमातीनं बुजवून टाकली. मला पहिला वर्ग मिळाला, मग नोकरी, मग लग्न. दरवर्षी दिवाळीनंतर मी कडूबाईला भेटायला जाते. वस्तीवर लोक म्हणतात, बाईंनी माया राखली.

ह्या वर्षीही गेले होते. मुलगा वाळूजला कंपनीत लागलाय, घर पक्कं झालंय, दारात नळ आलाय. कडूबाई दाराशीच पलंगावर बसली होती. माझा घसा कोरडा पडला होता, मी पाणी मागितलं. नळ तिच्या हाताशी होता, तांब्याही होता. ती उठली नाही. तिनं सुनेला हाक मारली. सून आतल्या खोलीत होती, यायला वेळ लागला. मी म्हटलं, "मी घेते की." तर कडूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ती आणील." मग मी आत गेले, तेव्हा चहा टाकताना सूनच मला सांगू लागली. सासूला ती मामी म्हणते. "आमच्या मामी पाण्याला हात लावत नायत, बाई. भरत नायत, कुणाला देत नायत. मामा गेल्यापासून. माझ्या पोराला बी कधी न्हाऊ घातलं नाय. म्हणत्यात, माझ्या हातचं पाणी कुणाला लाभत नाय." इतकी वर्षं मी त्या घरात पाणी प्यायले, आणि ते कोण आणून देतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी बाहेर येऊन कडूबाईच्या शेजारी बसले. घरात आम्ही दोघी आणि आत सून. कडूबाईचे केस पांढरे झालेत, पण माझ्याकडे बघून ती अजूनही तशीच हसते, लिंबाखाली उभी राहून हसायची तशी. म्हणाली, "बाई, तुमी अजून उतरता का हिरीत?"

मी म्हणाले, "आता नाही होत. गुडघे दुखतात."

"व्हय," ती म्हणाली. "वय झालं आता आपलं."